चिवड्याच्या डब्यातला गुडघा

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक गुडघा काढला आणि टेबलावर आमच्यासमोर ठेवला. नमुन्याचा होता. कोऱ्या चमच्यासारखा चकचकीत.

"हा भाग वर मांडीच्या हाडाला बसतो, हा खाली नळीच्या हाडाला. मध्ये ही प्लॅस्टिकची गादी. हातात घेऊन बघा ना, चावत नाही तो."

मी हात मांडीवरून हलवला नाही. शेजारी मनोहरराव, म्हणजे आमचे यजमान, छताचा पंखा पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे वर बघत बसले. डॉक्टरांना वाटलं असणार, जोडपं भित्रं आहे. ते तर आहेच. पण त्या क्षणी आम्ही दोघंही एकाच गोष्टीचा विचार करत होतो. असा एक गुडघा आमच्या घरी आहे. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घराच्या माळ्यावर, पितळी डब्यात. फक्त तो चकचकीत नाही. तो चितेतून निघालेला आहे.

ज्यांचं हे ऑपरेशन व्हायचंय त्यांना धीर मिळावा म्हणून हे लिहायला बसले. सुरुवातच अशी झाल्यावर धीर कुणाला मिळणार, देव जाणे. पण माझ्यासारखी भागूबाई यातून उठून चालायला लागली, एवढं आधीच सांगून ठेवते. आता पुढचं निवांत वाचा.

डबा

गुडघा सासूबाईंचा. त्या नरखेडकडच्या. सगळं आयुष्य संत्र्याच्या बागेत उभ्यानं गेलेलं, त्यामुळे गुडघ्यांनी आधी राजीनामा दिला. आम्ही त्यांना नागपूरला आणलं आणि डावा गुडघा बदलून घेतला. ऑपरेशन उत्तम झालं. अंथरुणावर होत्या तेव्हा हाक मारायला त्रास नको म्हणून मनोहररावांनी उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला होता. काही लागलं की त्या पेल्यावर चमचा मारायच्या. एकदाच. टण्.

मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "आले हो, आई!"

पुढे त्या चालायला लागल्या, भाजी आणायला जाऊ लागल्या, गल्लीतल्या चार घरी भांडून येऊ लागल्या. पण पेला-चमचा सुटला नाही. टण्, की मी पदराला हात पुसत हजर. "चहा ठेव वं. अन् कालच्यासारखा पांचट नोको करू." त्यांनी चिवडा लपवून ठेवायला एक पितळी डबा केला होता. तो कुठे आहे हे अख्ख्या घराला माहीत होतं. मनोहरराव रोज त्यातून मूठभर चोरायचे आणि त्या रोज चिवडा कमी कसा झाला म्हणून मला विचारायच्या.

त्या गेल्या. राख सावडायला पुरुषमंडळी घाटावर गेली. अस्थी वेचता वेचता मनोहररावांच्या हाताला जड काहीतरी लागलं. काळंनिळं पडलेलं, पण आकार तसाच. गुरुजी म्हणाले, "हे अस्थीत धरता येणार नाही." विचारलं, मग काय करायचं? गुरुजी म्हणाले, "पाण्यातही सोडू नका, घरीही नेऊ नका," आणि ते पुढच्या मंत्राला लागले. आता पाण्यात नाही, घरी नाही, तर माणसानं आईचा गुडघा ठेवायचा कुठे? अस्थी अंबाळ्याच्या तलावात विसर्जित झाल्या. गुडघा स्कूटरच्या डिकीतून घरी आला. मनोहररावांनी तो चिवड्याच्या रिकाम्या डब्यात टाकला. टण्.

मी ओट्याशी होते. तोंडातून "आले" निघालं होतं, ते दातांनी धरलं.

कारण सासूबाईंनीच मला शिकवलं होतं. निवडण-टिपण करताना भुताखेताच्या गोष्टी सांगायचा त्यांना भारी सोस. "मेलेल्या माणसानं हाक मारली त ओ देऊ नये वं बाई. देली का मंग त्याच्या मागं जावं लागते." मी शिकलेली, ऑफिसात फायली हाताळलेली बाई. हसायची. पण लक्षात ठेवलं होतं.

बाण

माझं ऑपरेशन खाजगी हॉस्पिटलात, थंडीत ठरलं. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात धडधाकट माणूस तग धरत नाही, तिथे ओली जखम काय धरणार! मुलगी पल्लवी पुण्याहून आली. आदल्या दिवशी तिनं माझ्या पायाची नखं कापली. लहानपणी मी तिची कापायची तशी, एकेक बोट धरून. या अख्ख्या आजारपणातली माझी सगळ्यात मऊ आठवण तीच आहे.

सकाळी सिस्टर पेन घेऊन आली आणि डाव्या पायावर बाण काढू लागली.

"ये क्यूँ?" मी विचारलं.

"गलती नहीं होना ना, आंटी."

मनोहरराव लगेच म्हणाले, "जरा बडा निकालो, सिस्टर. इनको खुदको डावा-उजवा समझता नहीं."

मी हसले. मग डावा, हे डोक्यात बसलं. सासूबाईंचाही डावाच होता.

कमरेत सुई दिली आणि माझं खालचं अर्धं शरीर कुणीतरी उचलून नेल्यासारखं नाहीसं झालं. पुढ्यात हिरवा पडदा. झोपेचं औषध दिलं होतं म्हणे, पण मी लग्नकार्यातही सगळ्यात शेवटी झोपणारी. अर्धवट जागीच राहिले. पडद्याच्या पलीकडे सुतारकाम सुरू झालं. करवत, मग हातोडी. दुखत काहीच नव्हतं, पण प्रत्येक ठोका दातांपर्यंत येत होता. आमच्या घरी दिवाण बनवला तेव्हा अस्साच आवाज होता. मी स्वतःला समजावत होते, की कुणाचा तरी दिवाण होतोय.

मग हातोडी थांबली. सगळं शांत झालं. आणि स्टीलच्या ताटात काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. एकदाच.

टण्.

मी मोठ्यांदा, अगदी स्वयंपाकघरातून द्यावी तशी ओ दिली, "आले हो, आई!"

पडद्यापलीकडे कुणीतरी हसलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा उलटा चेहरा माझ्यावर वाकला. "कहाँ चली, आंटी?"

त्यांनी गमतीनं विचारलं होतं. माझ्या अंगावर मात्र, जेवढं अंग मला जाणवत होतं तेवढ्यावर, काटा आला. मी ओ दिली होती.

संत्री

पुढचे दिवस खोलीत संत्री साचत गेली. नरखेडचा गोतावळा म्हटल्यावर दुसरं काय येणार! टेबलावर संत्री, खिडकीत संत्री, पल्लवीच्या लॅपटॉपच्या बॅगेत संत्री. ऑपरेशन छान झालं, असं डॉक्टर सांगून गेले. मनोहररावांना त्यांनी हेही सांगितलं, की मिसेसना आत आईची आठवण आली होती. मनोहररावांना वाटलं, माझ्या आईची. माझी आई धडधाकट आहे, वर्ध्याला असते. त्यांनी लगेच तिला फोन लावून दिला. मी तिच्याशी हवापाण्याचं बोलले. खरं कुणाला सांगितलं नाही.

भेटायला येणाऱ्यांचं एक बरं असतं, धीर द्यायलाच येतात. एक चुलत जाऊबाई संत्रं सोलता सोलता म्हणाल्या, "माह्या भाचीच्या सासूचं बी असंच झालं. ऑपरेशन फस्क्लास. घरी आली, जेवली, अन् बसल्या बसल्या गेली."

"बाप्पा!" मनोहरराव म्हणाले. "वैनी, तुम्ही संत्रं खा न."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच वॉकर देऊन उभं केलं. मी उभी राहिले, सगळे टाळ्या वाजवायचे बाकी होते. आणि त्याच वेळी नव्या गुडघ्यातून बारीक आवाज आला. टक्. आत कुणीतरी कूस बदलावी तसा.

"तो आवाज असतोच," फिजिओथेरपीची सायली म्हणाली. "नवीन सांधा आहे ना, काकू."

मला विचाराल तर तो नवीन नव्हता. चकाकी सोडली तर तो मी आधी पाहिलेला होता.

घरी

घरी आले तर मनोहररावांनी सगळी तयारी करून ठेवलेली. माळा उपसून सासूबाईंचा वॉकर खाली काढला होता, कमोडची खुर्ची काढली होती, आणि माझा पलंग त्यांच्याच खोलीत लावला होता, कारण तिथून बाथरूम जवळ. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा.

"काही लागलं की वाजवत जा," ते उत्साहानं म्हणाले. "आईसारखं."

मी पेल्याला हात लावला नाही. काही लागलं की मोबाइलवर फोन करायची. खोलीतून स्वयंपाकघरात.

"आता काहून फोन केला? पाच पावलांवर आहो न मी!"

"पाणी पाहिजे."

"मंग वाजव न वं पेला!"

"रेंज चांगली आहे," मी म्हणायची.

वॉकरच्या दांड्यांना सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, हात घसरू नये म्हणून. त्यांच्या मुठींनी त्या चिंध्यांना खोलगट आकार आला होता. माझी बोटं बरोब्बर त्यात बसायची. त्या खोलीत, त्या वॉकरला धरून, त्या पायानं मी चालत होते. आणि दुपारी घर सामसूम असताना आरशासमोरून जायचं टाळत होते.

आणि गुडघा वाकेना.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी हे नीट ऐका. कापणं-जोडणं डॉक्टर करतात. वाकवणं आपल्याला करावं लागतं, सुरुवातीच्या आठवड्यांतच, दुखत असताना, नाहीतर सांधा आखडतो. सायली रोज येऊन पलंगाच्या कडेला बसवायची आणि टाच मागे सरकवायला सांगायची. टाच थोडी सरकली की मी किंचाळायची. ती गेली की मनोहरराव दया येऊन गुडघ्याखाली उशी सरकवायचे. त्या उशीनं पाय आणखी आखडतो, हे सायलीनं बजावलं होतं. म्हणून ते उशी तिच्या चपला दाराबाहेर गेल्यावर द्यायचे आणि तिची स्कूटी दिसली की काढून घ्यायचे. चिवडा चोरणारा हात तो, सवय होती.

पल्लवीनं एकदा व्हिडिओ कॉलवर उशी पाहिली आणि पुण्याहून आमची दोघांची हजेरी घेतली. "बाबा, तुम्ही प्रेमानं तिला लंगडी करून राहिले!" मनोहररावांचा चेहरा पडला. मग मी पल्लवीवर ओरडले, ती रडली, मी रडले. रडताना ढोपरावर हात होता. ते गरम होतं.

डॉक्टरांनी टाके काढताना स्पष्ट सांगितलं. "दुखणं मला कळतं. पण पुढच्या भेटीपर्यंत वाकला नाही, तर पुन्हा आत घेऊन, भूल देऊन वाकवावा लागेल."

पुन्हा आत. पुन्हा तो पडदा, ते ताट.

खरं सांगते, दुखणं हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं मी कुणाला सांगू शकत नव्हते. ओ दिल्यावर मागं जावं लागतं. पण ज्याचा पायच वाकत नाही तो जाणार कसा? पाय ताठ होता तोवर मला कुठेच जाता येणार नव्हतं, असा माझा हिशेब. आणि तो ताठ राहिला तर ज्या खोलीत हाक आली तिथेच परत जावं लागणार. दोन्हीकडे सासूबाईच उभ्या होत्या. हसा, मीही आता हसते. तेव्हा पलंगावर पडून, खोलीच्या दाराकडे पाहत दिवस जात होता, आणि गुडघा मधूनच टक् करत होता.

टाच

भेटीच्या आदल्या दिवशी सकाळी सायली आली. मला पलंगाच्या कडेला बसवलं. मनोहरराव दारात चहाचे कप धरून उभे.

"काकू, आज मी हात लावणार नाही. तुम्हीच टाच मागे घ्या. जाईल तेवढी."

मी डोळे मिटले आणि पाय सरकवला. गेला. थोडा आणखी गेला. आणि पलंगाखाली माझी टाच कशावर तरी आपटली.

टण्.

 मी खाली पाहिलं. पलंगाच्या सावलीत, माझ्या टाचेला टेकून, चिवड्याचा पितळी डबा होता. वॉकरसाठी माळा उपसला तेव्हा मनोहररावांनी तो तात्पुरता तिथे सरकवला होता आणि विसरून गेले होते. इतके दिवस मी त्याच्यावर झोपत होते.

आईंना पाय लागला!

त्यापुढे काय झालं ते मी ठरवून केलं नाही. कुणाला पाय लागला की वाकायचं, हात लावायचा आणि तो डोळ्यांना लावायचा, हे मला चालायला येण्याच्या आधीपासून शिकवलं होतं. पुस्तकाला, केरसुणीला, झोपलेल्या पोराला. मी सरळ खाली वाकले. एक हात पलंगाच्या कडेवर, दुसरा खाली. डबा हाताला येईना म्हणून आणखी पुढे सरकले, पाय आणखी मागे गेला, आत काहीतरी फाटल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे तारे चमकले. बोटं डब्याला टेकली. ती मी डोळ्यांना लावली.

"हलू नका!" सायली ओरडली. "काकू, अज्जिबात हलू नका!" तिनं कोनमापक गुडघ्याला लावलं. "काटकोनाच्या पुढे! काका, बघा, काटकोनाच्या पुढे गेला!"

मनोहरराव गुडघ्याकडे पाहतच नव्हते. डब्याकडे पाहत होते. हातातले कप तिरपे होऊन चहा लादीवर सांडत होता.

सायली गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ताटाचा आवाज, मी दिलेली ओ, दाराकडे बघणं. सांगताना हुंदके येत होते आणि मध्येच स्वतःचंच हसू. ते खाली लादीवर बसले होते, डबा मांडीवर घेऊन.

"म्हणजे तुले वाटते का आई तुले न्यायले आली होती?"

"मी ओ दिली ना."

ते डब्याच्या झाकणावर अंगठा फिरवत राहिले.

"तिले तुह्या हातचा चहा कधी पटला का?" ते म्हणाले. "जिंदगीभर पांचट म्हणत राहिली. वर नेऊन काय करंन तुले?"

मी इतकी हसले की टाक्यांची जागा ओढली गेली. मग पाहिलं, तर ते हसत नव्हते.

"मले फेकवलं नाई वं हे," ते डब्यालाच सांगत असल्यासारखे म्हणाले. "सगळी जळली. एवढंच राह्यलं. भंगारात कसं देऊ?"

त्यांनी झाकण उघडलं. मी तो गुडघा पहिल्यांदाच हातात घेतला. जड होता आणि थंड. ज्या वस्तूला मी इतकी भ्याले, ती तळहातात मावत होती. या एवढ्याशा गोष्टीवर त्या भाजी आणायला गेल्या होत्या, गल्लीशी भांडल्या होत्या.

पेला

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, आणखी वाकवला, आणि म्हणाले, "वा! काय केलंत एका दिवसात?"

"सासूबाईंच्या पाया पडले," मी म्हणाले. ते हसले. रुग्णाचा विनोद म्हणून त्यांनी सोडून दिलं.

आत परत जावं लागलं नाही. आता मी बाजारात जाते, जिना चढते. मांडी घालून बसता येत नाही, तेव्हा लग्नाच्या पंगतीत खुर्चीवर बसून गोष्टी सांगते; उंचावरून सांगितल्या की लोक जास्त विश्वास ठेवतात, असं आढळून आलंय. गुडघा अजून टक् करतो. भीती गेली का म्हणाल, तर नाही. ती घरातच आहे, फक्त आता तिची जागा ठरली आहे. डबा माळ्यावर परत गेला नाही. देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे, जिथे कुणाचा पाय लागणार नाही. तुमचं ऑपरेशन व्हायचं असेल तर माझ्याकडून एवढंच घ्या: जे वाटतंय ते कुणाला तरी सांगून टाका, कितीही खुळचट असलं तरी. मी आठवडेच्या आठवडे ते गुडघ्यात धरून बसले होते.

त्या भेटीहून घरी आलो त्या दुपारची एक गोष्ट राहिली. थकून पलंगावर पडले होते. मोबाइल बाहेर राहिला होता. घशाला कोरड पडली. उशाशी पेला होता, चमचा होता. मी खूप वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग चमचा उचलला आणि डोळे मिटून मारला. एकदाच.

टण्.

स्वयंपाकघरातून मनोहररावांचा आवाज आला, लहान मुलासारखा, घाईचा.

"आलो, आई!"

मग तिकडे एकदम सगळं शांत झालं. भांडंही वाजेना. मीही श्वास धरून पडून राहिले. म्हणजे आता ओ दोघांनीही दिली होती.

बऱ्याच वेळानं ते दारात आले. हातात पाण्याचा तांब्या होता. डोळे लाल. खोलीभर एकदा नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं.

"चहा पण ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"ठेवा," मी म्हणाले. "अन् पांचट नोको करू."